शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषा

शस्त्रक्रिया संपल्यापासून रुग्ण घरी जाईपर्यंत परिचारिकांनी घ्यावयाची काळजी आणि ठेवावयाची देखरेख. यातला सर्वांत नाजूक काळ भूल उतरतानाचा. रुग्णाने डोळे उघडले तरी घशाचे स्नायू सैलच असतात. जीभ मागे पडून श्वास अडू शकतो, उलटी फुप्फुसात जाऊ शकते. त्यामुळे रुग्णाला आधी शस्त्रक्रियागृहालगतच्या रिकव्हरी रूममध्ये ठेवतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८६३ सालच्या लिखाणात अशा खोल्यांचा उल्लेख आहे. त्यांचा खरा प्रसार दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास झाला.

येथे नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजनचे प्रमाण, तापमान आणि शुद्ध यांची नोंद सुरुवातीला दर ५ ते १५ मिनिटांनी होते. वॉर्डमध्ये कधी हलवायचे हे ठरवण्यासाठी आल्ड्रेटे गुणांकन (१९७०) वापरतात. हातापायांची हालचाल, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध आणि त्वचेचा रंग (पुढे त्याऐवजी ऑक्सिजनचे प्रमाण) यांना प्रत्येकी ० ते २ गुण. १० पैकी ९ मिळाले की सहसा हलवतात.

या सगळ्यात श्वास मोजण्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि तेच सर्वांत महागात पडते. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांनी श्वास मंदावतो. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरचे ऑक्सिजन मोजणारे यंत्र बराच वेळ ९८ टक्के दाखवत राहते, आणि तेवढ्यात शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. यंत्राचा आकडा घसरतो तो उशिरा. मुरलेली सिस्टर म्हणूनच घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. आपला श्वास मोजला जातोय हे कळले की रुग्णाचा श्वास बदलतो, त्यामुळे तिची बोटे नाडीवरच असतात आणि नजर छातीवर. श्वास मिनिटाला ८-१० च्या खाली गेला आणि रुग्ण हाक मारूनही पेंगतच राहिला, तर ते झोप लागल्याचे लक्षण मानू नये. लगेच डॉक्टरांना बोलवावे. घोरण्यासारखा आवाज म्हणजे श्वासमार्ग अर्धवट अडलेला; हनुवटी वर उचलून जबडा पुढे घेतला की बहुतेकदा तो मोकळा होतो.

रक्तस्रावाचेही तसेच. तरुण, धडधाकट रुग्णाचा रक्तदाब बरेच रक्त जाईपर्यंत टिकून राहतो. त्याआधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, रुग्ण अस्वस्थ होतो, लघवी कमी होते. प्रौढाला ताशी, दर किलो वजनामागे निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३०. ड्रेसिंग वरून कोरडे दिसले तरी पाठीखाली हात घालून पाहावा लागतो, कारण रक्त ओघळून खाली साचते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर मानेत साचलेले रक्त काही मिनिटांत श्वास बंद करू शकते. मान फुगणे, आवाज बदलणे, श्वासाला घरघर येणे यांपैकी काहीही दिसले तर थांबायला वेळ नसतो.

वेदना ० ते १० या पट्टीवर रुग्णालाच विचारून मोजतात. पोटावर टाके असलेला माणूस दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही; मग फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ साचतो, न्यूमोनिया होतो. तेव्हा वेदना कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायला शिकवले की रुग्णाची निम्मी भीती जाते.

पूर्वी कित्येक दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगत. हल्ली बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवतात. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी मांडलेल्या जलद पुनर्प्राप्तीच्या पद्धतीचा यात मोठा वाटा आहे. चालल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो. उठवताना मात्र घाई नको: आधी बसवावे, पाय खाली सोडून थोडा वेळ थांबावे, चक्कर येत नाही ना ते विचारावे, लघवीची नळी आणि ड्रेन (जखमेतले रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) सांभाळावेत, मगच उभे करावे.

जखमेचा संसर्ग बहुधा काही दिवसांनी, अनेकदा रुग्ण घरी गेल्यावर दिसतो. म्हणून घरी सोडताना ताप, टाक्यांभोवती लाली किंवा पू, पोटरीला सूज, अचानक लागलेली धाप ही लक्षणे रुग्णाला आणि त्याच्याजवळ राहणाऱ्या माणसाला सांगतात, आणि त्यांच्याकडून ती परत वदवून घेतात.