अविनाश साबळे: दोहाचा निर्णय आणि पुढची वाटचाल

अविनाश साबळेचं मांडव्याचं घर, वीटभट्टीवर राबणारे आईवडील, बारावीनंतर सैन्य, सियाचिन हे सगळं आष्टी तालुक्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. शर्यतीचं धावणं मात्र सैन्यात गेल्यावर, २०१५ च्या सुमारास क्रॉस कंट्रीतून सुरू झालं. २०१८ मध्ये भुवनेश्वरला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याची उडी ओलांडत धावायच्या शर्यतीत) ८ मिनिटं २९.८० सेकंद वेळ देत त्याने १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

वाद झाला तो २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेवरून. प्राथमिक फेरीत त्याच्या पुढ्यात एक इथिओपियन धावपटू पडला आणि साबळेला जवळजवळ थांबावं लागलं. या शर्यतीतले अडथळे हर्डल्ससारखे पडत नाहीत, एकदा लय तुटली की ती परत पकडायला अर्धी फेरी जाते. तरी त्याने ८:२५.२३ असा नवा राष्ट्रीय विक्रम केला, पण क्रमांक मागे राहिल्याने अंतिम फेरी हुकली. भारतीय पथकाने दाद मागितली. पंचांनी चित्रफीत पाहिली, दोन वेळा अडथळा आल्याचं मान्य केलं आणि त्याला अंतिम फेरीत जादा धावपटू म्हणून घेतलं. कुणाचीही जागा काढून घेतली नाही. ‘अपिलावर आत आला’ असं आजही बोललं जातं आणि ते अन्यायाचं आहे. धक्क्याची भरपाई नियमातच आहे, मेहरबानी कुणी केली नाही. शिवाय उत्तर त्याने ट्रॅकवर दिलं: तेरावा क्रमांक, ८:२१.३७, तीन दिवसांत दुसरा विक्रम आणि ८:२२ चा ऑलिंपिक पात्रता निकष पार. ती संधी नाकारली असती, तर टोकियोचं तिकीट त्या दिवशी मिळालं नसतं.

टोकियोत ८:१८.१२ हा विक्रम होऊनही तो प्राथमिक फेरीतच थांबला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने गेलं, पण १९९८ पासून तिन्ही पदकं नेणाऱ्या केनियाची साखळी तुटली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि ५००० मीटरमध्ये रौप्य. २०२४ च्या जुलैत पॅरिस डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, आणि महिनाभरात तिथेच ऑलिंपिकची अंतिम फेरी. स्टीपलचेसमध्ये तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष, अकरावा आला. २०२५ च्या जुलैत मोनॅकोत पाण्याच्या उडीवर पडून गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेला त्याला मुकावं लागलं.