कांगल कुत्रा : सिवासच्या कुरणांपासून नामिबियाच्या वाड्यांपर्यंत

तुर्कस्तानातल्या सिवास प्रांतात कांगल नावाचा तालुका आहे. तिथल्या धिप्पाड, काळ्या तोंडाच्या कुत्र्याला तेच नाव पडलं. नर सहज ५० ते ६५ किलो भरतो. मेंढ्या वळवणं त्याच्याकडे नसतं. कळपात राहायचं आणि लांडग्याला फिरकू द्यायचं नाही, एवढंच. लांडगा नरडं धरतो, म्हणून कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो.

अमेरिकेने १९७२ मध्ये सरकारी जमिनींवर हिंस्र प्राण्यांसाठी विष पेरायला बंदी केली. मेंढ्या मारणाऱ्या कायोटींचा (कोल्ह्या-लांडग्यांसारखा तिथला रानटी प्राणी) त्रास मात्र चालूच राहिला. त्या दशकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजातून रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी तुर्कस्तान, इटली, युगोस्लाव्हियातले राखणदार कुत्रे शेतकऱ्यांकडे द्यायला सुरुवात केली. १९९४ पासून नामिबियात चित्ते वाचवणाऱ्या चीता कॉन्झर्व्हेशन फंड या संस्थेने हाच मार्ग धरला. पाय दुखावला तर चित्त्याची शिकारच बंद पडते, म्हणून भुंकणारं धूड आडवं आलं की तो सहसा काढता पाय घेतो. शेळ्या वाचतात आणि शेतकऱ्याच्या गोळीतून चित्ताही.

या सगळ्यांनी उचलली ती मुळात मेंढपाळांचीच रीत. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की कोकरं-करडांच्या वाड्यात सोडायचं. सोळाव्या आठवड्यापर्यंत जी सोबत मिळते, तिलाच ते आपलं मानतं. या काळात ते घरात वाढलं तर पुढे कळप सोडून ओसरीवर येऊन बसतं. पण अजिबात हात न लावणंही चूकच: दात तपासू देणं, साखळीला चालणं, लस टोचून घेणं हे अंगवळणी पडायलाच हवं.

खरी कसोटी पाचव्या ते दहाव्या महिन्यात. अंगाने दांडगं, अकलेने पोर! खेळता खेळता लोकर उपटतं, कान चावतं, करडू दमेपर्यंत पळवतं. तिथल्या तिथे दटावायचं. नंतर ओरडून काही कळत नाही. तरीही पळवत असेल तर द्वाड गुरासारखं लोढणं: पट्ट्याला आडवं लाकूड, धावताना पुढच्या पायांवर आपटेल इतपत खाली. सोबत शिंगं उगारणारी थोराड शेळी ठेवली तर निम्मं काम तीच करते. भरवशाचा राखणदार व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात.

भारत सरकारच्या मार्च २०२४ च्या कुत्र्यांच्या २३ जातींवरील बंदीच्या परिपत्रकात कांगलही होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं. हुकमाची वाट न बघता परक्यावर स्वतः निर्णय घेणारा हा कुत्रा सोसायटीच्या लिफ्टमध्ये अवघडच.