एकसारखे सुटे भाग आणि असेंब्ली लाइन: कॅडिलॅकचं काय, फोर्डचं काय

फोर्डने असेंब्ली लाइन आणली आणि मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच दमात ‘एकसारखे सुटे भाग’ही फोर्डच्या खात्यावर मांडले जातात, जणू दोन्ही एकच. ते तसं नाही. एकसारखेपणा हा भागाचा गुण आहे. लाइन ही कामाची मांडणी आहे. आणि मोटारधंद्यात पहिली गोष्ट सगळ्यांसमोर सिद्ध केली ती कॅडिलॅकने, फोर्डची लाइन सुरू होण्याच्या पाच वर्षं आधी. कॅडिलॅक ही अमेरिकी मोटार कंपनी उभी करणाऱ्या हेन्री लेलँडचं नाव आपल्याकडे इतकं कमी घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं.

लेलँडचा जन्म १८४३ चा. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तो स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात कामाला होता, पुढे ब्राउन अँड शार्प या सूक्ष्म मोजमापासाठी नावाजलेल्या कंपनीत. एका बंदुकीचा मोडलेला भाग काढून दुसरीचा बसवता यावा, हा ध्यास शस्त्रागारांनी मोटारीच्या कितीतरी आधी घेतला होता. लेलँड तोच ध्यास घेऊन डेट्रॉइटला आला. १९०२ मध्ये हेन्री फोर्ड मतभेदांमुळे आपल्याच नावाची कंपनी सोडून गेला, तेव्हा कारखाना विकायला काढलेल्या भांडवलदारांनी किंमत ठरवण्यासाठी लेलँडला बोलावलं. विकू नका, गाड्या बनवा, असा सल्ला त्याने दिला आणि स्वतःचं इंजिन पुढे केलं. त्यातून कॅडिलॅक उभी राहिली.

त्या काळी मोटार जुळवणारा खरा माणूस म्हणजे फिटर. भाग साधारण मापाचा यायचा आणि फिटर तो कानशीने घासून, लावून बघत, पुन्हा घासून बसवायचा. त्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला सहसा चालत नसे. ब्रिटनमध्ये तर हे हातकाम हीच उंची गाडीची खूण मानली जाई, आणि अमेरिकी गाड्या म्हणजे हलका माल.

१९०८ च्या सुरुवातीला लंडनमधला कॅडिलॅकचा विक्रेता फ्रेडरिक बेनेट याने रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली एक परीक्षा मागून घेतली. साठ्यातून तीन गाड्या निवडल्या. त्या एका सिलिंडरच्या होत्या, अजिबात राजेशाही नव्हत्या. ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर तिन्ही गाड्या पार सुट्या करून भाग एकमेकांत मिसळून टाकले. प्रत्येक गाडीचे ७२१ भाग. त्यांतले ८९ भाग बाजूला काढून विक्रेत्याच्या साठ्यातले घातले. मग कारागिरांनी फक्त पाने आणि स्क्रू ड्रायव्हर वापरून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. कानस नाही, घासणं नाही. रंग एकमेकांत मिसळल्याने गाड्या ठिगळं लावल्यासारख्या दिसत होत्या, पण तिन्ही सुरू झाल्या आणि प्रत्येकीने ५०० मैलांची धाव पुरी केली. मोटारींतल्या तांत्रिक कामगिरीसाठी हा क्लब देत असलेली ड्यूअर ट्रॉफी त्या वर्षी कॅडिलॅकला मिळाली. उंची मोटारींमध्ये कॅडिलॅकचं जे नाव झालं, त्याचा पाया या परीक्षेत आहे.

हे साधतं कसं? अचूक यंत्रं लागतातच, पण त्याहून महत्त्वाची गेजची, म्हणजे भागाचं माप तपासण्याच्या ठरावीक साधनाची शिस्त. ‘गो’ बाजू भागावर बसलीच पाहिजे, ‘नो-गो’ बाजू बसता कामा नये. या दोन मर्यादांमधल्या फरकाला टॉलरन्स म्हणतात. भाग त्यात असेल तर तो कोणी, कधी, कोणत्या यंत्रावर केला याने काही बिघडत नाही.

आता लाइन. १९१३ च्या वसंतात हायलँड पार्कच्या कारखान्यात फोर्डने आधी मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनातल्या ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाची जुळणी सरकत्या रांगेत मांडली, त्याच वर्षाच्या उत्तरार्धात चासीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची. चासी जुळवायला लागणारे साडेबारा तास काही महिन्यांत सुमारे दीड तासावर आले. माणूस जागेवर, काम त्याच्याकडे चालत येणार, आणि प्रत्येकाकडे दोन-चार हालचालींचाच वाटा. हे काम इतकं कंटाळवाणं होतं की कामगार टिकेनात. १९१४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या पाच डॉलर रोजामागे तेही एक मोठं कारण होतं.

१९०८ च्या कॅडिलॅककडे एकसारखे भाग होते, सरकती लाइन नव्हती. उलट मात्र जमत नाही. दर थोड्या मिनिटांनी पुढची चासी समोर येत असताना कानस काढून बसायला वेळ कुठला? एक भाग अडला की मागची सगळी रांग अडते. म्हणजे लेलँडची गोष्ट आधी, फोर्डची नंतर, हा नुसता तारखांचा योगायोग नाही.

मुंबईत १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जुळणी सुरू केली, तीही याच आधारावर. कॅडिलॅक तोवर याच कंपनीत आलेली होती. समुद्रापलीकडे केलेले भाग इथे न घासता बसणार याची खात्री नसती, तर असा कारखाना काढण्यात अर्थच नव्हता.

हातकाम म्हणजेच अचूकता, हा समज मात्र फार टिकला. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉईसचं मर्लिन विमान-इंजिन ब्रिटनमधल्या फोर्डला बनवायला दिलं, तेव्हा तुमच्या नकाशांवरून आम्हाला ते करता येणार नाही असं फोर्डच्या माणसांनी कळवलं. टॉलरन्स फार बारीक असणार, असं रोल्स-रॉईसच्या स्टॅन्ली हूकर यांना वाटलं. अडचण उलटी होती: टॉलरन्स फार सैल होते, कारण उरलेलं फिटर जुळवून घेईल असं त्यात गृहीत धरलेलं होतं. फोर्डने नकाशे नव्याने काढले आणि मँचेस्टरजवळच्या कारखान्यातून ३०,००० हून जास्त मर्लिन इंजिनं बाहेर पडली.