धेडा

लग्नात नवऱ्याच्या सोबतीला उभा राहणारा, बहुधा अविवाहित भाऊ किंवा मित्र. कोंकणी-मालवणीत ‘धेडो’, नवरीच्या सोबतिणीला ‘धेडी’ म्हणतात.

वेंगुर्ले, सावंतवाडीपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती लग्नांत धेडो हे नाव असलेले, मानाचे पद आहे. लग्नाआधी घरी ‘रोस’ होतो, म्हणजे नवऱ्याला नारळाचा रस चोळतात. तेव्हा धेडो शेजारी बसतो आणि थोडा रस त्याच्याही अंगावर येतोच. चर्चमध्ये अंगठ्या सांभाळायच्या, मिसा (चर्चमधला उपासनाविधी) संपल्यावर नोंदवहीत सही करायची. ही सही शोभेची नव्हे: कॅथलिक धर्मविधीला धर्मगुरूखेरीज दोन साक्षीदार लागतात आणि १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही दोन साक्षीदारांची अट आहे. कोकणी मुसलमानांच्या निकाहातही दोन साक्षीदार आणि वधूचा वली, म्हणजे पालक, लागतो. मात्र त्यांना धेडा म्हणत नाहीत.

हिंदू लग्नात हे काम एकाच्या गळ्यात पडत नाही, वाटले जाते. करा आणि दिवा घेऊन मागे उभी राहते ती करवली; मान मामाचा; कान पिळायला येतो नवरीचा भाऊ. नवऱ्याच्या मित्राकडे उरते ती बिनमानाची धावपळ. एप्रिल-मेच्या उकाड्यात मुंडावळ्यांखालचा घाम टिपायचा, वेळेवर पाणी द्यायचे, मांडवाच्या दाराशी आहेराची वही घेऊन बसायचे. वहीत नाव आणि आकडा चोख हवा, कारण पुढे त्या घरच्या कार्यात आहेर परत करताना हीच वही उघडतात. पाकिटावर नाव नसेल तर तिथल्या तिथे, पण हळू आवाजात विचारावे. विवाह नोंदणीच्या १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे तीन साक्षीदार लागतात. तिथेही हाच मित्र हाताशी असतो.

संकेत लिहिलेले नाहीत, पण चुकले की दिसतात. नवऱ्यापेक्षा भडक कपडे नकोत. वरातीत पिऊन नाचणारा सोबती नवऱ्याचीच मान खाली घालायला लावतो. नवरीकडच्या वडीलधाऱ्यांशी थट्टा नको. ती करवल्यांपुरतीच ठेवावी. जोडे राखणे हे त्याचेच काम. तरी ते पळवले गेलेच, तर घासाघीस त्याने करायची, नवऱ्याने नव्हे. रक्कम आधीच खिशात सुटी ठेवलेली बरी, आणि पहिल्याच आकड्याला कबूल होऊ नये. नाहीतर मेव्हण्यांचाही विरस होतो.