मथळे, ब्रेडक्रम्ब आणि स्क्रीन रीडर: थोडी पार्श्वभूमी

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, भरला. तेव्हापासून गोव्यात रॅम्प, व्हीलचेअर, खुणांची भाषा हे विषय निदान चारचौघांत निघू लागले. वेबपानावरच्या मथळ्यांचा विषय मात्र अजून तंत्रज्ञांच्या पलीकडे फारसा जात नाही. अंध माणूस पान ऐकतो ते स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणि त्याला वाट दाखवतात ते मथळे. अंध माणसाला शिष्यवृत्तीचा अर्ज शोधायचा असो की घरच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा, काम अडते ते अनेकदा इथेच.

मथळ्याची सोय वेबच्या जन्मापासून आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेच्या, खुणांमध्येच मथळ्यांचे एच१ ते एच६ असे स्तर होते. ‘अक्षर मोठे काढा’ एवढाच त्या खुणेचा अर्थ नव्हता. ‘इथून या विषयाचा भाग सुरू होतो’ हे ती सांगत होती. नव्वदच्या दशकात पाने सजवायची हौस वाढली आणि मथळा म्हणजे जाड, रंगीत अक्षरे एवढेच उरले. बघणाऱ्याला खुणेचा मथळा आणि नुसती जाड अक्षरे दोन्ही सारखेच, म्हणून बिघाड कोणाच्या लक्षातही आला नाही.

ऐकणाऱ्याची गोष्ट वेगळी. जॉज हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉस या विंडोजआधीच्या संगणकप्रणालीसाठी आला, तेव्हा पडद्यावरची ओळ वाचून दाखवली की भागत होते. १९९५ मध्ये तो विंडोजवर आला. पुढे वेबपाने लांबत गेली, वरपासून खालपर्यंत ऐकणे जिवावर येऊ लागले आणि स्क्रीन रीडर पानामागच्या खुणा धरून चालू लागले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. तो फुकट मिळतो. महागडे सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या आपल्याकडच्या मुलांसाठी याचे मोल फार मोठे आहे.

जॉज आणि एनव्हीडीए या दोन्हींत एच ही कळ दाबली की वाचन पुढच्या मथळ्यावर जाते. १ ते ६ आकडे दाबले तर त्या त्या स्तराच्या मथळ्यावर. समजा, एखाद्या योजनेचे पान आहे. वर मेनू, परिपत्रके, सरकत्या बातम्या, मग कुठे मजकूर. दोन-तीनदा एच दाबले की कानावर येते, ‘आवश्यक कागदपत्रे, हेडिंग लेव्हल टू’. माणूस हव्या त्या जागी पोचला. तेच शब्द नुसते ठळक केलेले असतील तर उत्तर मिळते, ‘नो नेक्स्ट हेडिंग’, आणि सगळे वरपासून ऐकत बसावे लागते. वेबएम या वेब-सुलभतेवर काम करणाऱ्या संस्थेच्या स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या २०२४ च्या सर्वेक्षणात दहांतल्या सुमारे सात जणांनी सांगितले की लांब पानावर माहिती शोधताना ते आधी मथळ्यांवरून फिरतात.

डब्ल्यूसीएजी हे सुलभतेचे जागतिक निकष १९९९ मध्ये आले, दुसरी आवृत्ती २००८ मध्ये. दिसणारी रचना खुणांमध्येही असली पाहिजे, ही त्यातली अगदी पहिल्या पातळीची अट. मध्येच एचटीएमएल५ ने घोळ वाढवला. प्रत्येक विभागात एच१ वापरा, स्तर ब्राउझर ठरवेल, असे त्यात सुचवले होते. ब्राउझरांनी ते कधी पुरते अमलात आणलेच नाही आणि २०२२ मध्ये तो भाग मानकातून काढून टाकला. त्या भरवशावर बांधलेली पाने मात्र राहिली.

मराठी पानांची अडचण आणखी जुनी. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकात एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी आपल्याकडे ठरावीक फॉन्ट लागत. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसायची, पण आत साठवलेली असायची रोमन अक्षरे. स्क्रीन रीडरमधून ऐकू यायचा नुसता कचरा. आजही गोव्यात मराठी, कोंकणी आणि इंग्रजी एकाच पानावर नांदतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीलाही जागा मिळाली. पण पानाची भाषा फक्त इंग्रजी अशी नोंदवली असेल तर इंग्रजी आवाज देवनागरी मथळा गाळतो किंवा भलतेच काही उच्चारतो. मराठी भागाला मराठीची आणि कोंकणी भागाला कोंकणीची नोंद देणे हे खरे तर दोन मिनिटांचे काम आहे.

ब्रेडक्रम्ब म्हणजे ‘मुखपृष्ठ, तालुके, डिचोली, पंचायती’ अशी आपण कुठे आहोत ते सांगणारी ओळ. नव्वदच्या दशकातल्या याहूच्या विषयवार सूचीमुळे ती लोकांच्या सवयीची झाली. डब्ल्यूसीएजीत ‘स्थान’ हा निकष सर्वांत वरच्या, तिसऱ्या पातळीवर ठेवला आहे आणि बहुतेक धोरणे दुसऱ्या पातळीवरच थांबतात, म्हणून ही ओळ ऐच्छिक राहिली. मला ते पटत नाही. पान कुठल्या पोटात आहे हे बघणाऱ्याला रंग-मांडणीवरून उमगते, ऐकणाऱ्याला हाच धागा. तोही नीट विणलेला हवा. शब्दांच्या मधले बाण (>) अक्षर म्हणून टाकले तर प्रत्येक शब्दानंतर ‘ग्रेटर’ ऐकू येते. २०१७ मध्ये एरिया १.१ या, स्क्रीन रीडरसाठी जादा खुणा ठरवणाऱ्या मानकाने ‘हेच चालू पान’ असे सांगणारी खूण दिली, ती शेवटच्या दुव्याला लावायची.

आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली, दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुलभतेचे किमान नियम सक्तीचेच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या निकालाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. आता संकेतस्थळ बांधून घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने, पंचायतीनेसुद्धा, कंत्राटात एक अट घालावी: काम ताब्यात घेण्याआधी अंध वापरकर्त्याने एच कळ दाबत प्रत्येक पान ऐकून पाहिलेले असले पाहिजे.