कॅको-२ पेशी आणि औषध-शोषणाची परीक्षा : पार्श्वभूमी

तोंडावाटे घेतलेल्या औषधाला रक्तात शिरण्यासाठी लहान आतड्याचे अस्तर ओलांडावे लागते. ते कितपत ओलांडले जाईल, याचा अंदाज पूर्वी मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांतून बांधला जाई, कारण मानवी आतड्याच्या निरोगी पेशी काचपात्रात फार दिवस तग धरत नाहीत. ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली ती एका कर्करोगाच्या गाठीमुळे.

न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत यॉर्गन फॉग यांनी १९७०च्या दशकात एका रुग्णाच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगापासून कॅको-२ ही पेशीमालिका, म्हणजे काचपात्रात पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येणाऱ्या एकाच मूळच्या पेशी, तयार केली. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात फ्रेंच संशोधकांना तिचा अनपेक्षित गुण आढळला : पात्राचा तळ भरून गेला की या पेशी, मूळच्या मोठ्या आतड्याच्या असूनही, सुमारे तीन आठवड्यांत लहान आतड्याच्या शोषक पेशींचे रूप घेतात, त्यांच्या वरच्या बाजूस सूक्ष्म अंकुर फुटतात आणि शेजारच्या पेशींशी त्यांचे सांधे घट्ट जुळतात. पुढचा सगळा इतिहास या एका गुणावर उभा आहे, असे माझे मत आहे.

१९८९ मध्ये इस्माएल हिदाल्गो, थॉमस रॉब आणि रोनाल्ड बोर्चार्ट यांनी या पेशींचा थर सच्छिद्र पडद्यावर वाढवून तो आतड्याच्या अस्तराची प्रतिकृती म्हणून वापरता येतो, हे दाखवले. वरच्या कप्प्यात औषध घालायचे आणि खालच्या कप्प्यात ते किती उतरले ते ठरावीक वेळाने मोजायचे, इतकी ही पद्धत सरळ आहे. दोनच वर्षांनी स्वीडनमधील पेर आर्टुरसन व योहान कार्लसन यांनी या मोजमापांचा माणसातील प्रत्यक्ष शोषणाशी मेळ बसतो, हे मांडले. औषध उलट दिशेने, खालून वर, अधिक वेगाने जात असेल, तर पी-ग्लायकोप्रोटीनसारखे वाहक प्रथिन ते पेशीबाहेर फेकत असावे, अशी शंका घेता येते. हे प्रथिन १९७६ मध्ये कर्करोगाच्या औषधांना न जुमानणाऱ्या पेशींत सापडले होते.

विषारीपणाच्या चाचणीत मात्र गाठीपासून मिळालेल्या पेशी तोकड्या पडतात. यकृताच्या गाठीपासून मिळालेल्या, १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेप-जी-२ पेशींत औषधांचे रूपांतर करणारी विकरे फार कमी असतात. पॅरासिटामॉलचा अपाय त्याच्यापासून यकृतात तयार होणाऱ्या घटकामुळे होतो. तो घटकच पुरेसा तयार झाला नाही, तर चाचणीत औषध खऱ्याहून निरुपद्रवी दिसते. म्हणून दान केलेल्या मानवी यकृताच्या ताज्या पेशी, मिळणे अवघड आणि अल्पायुषी असूनही, आजही वापराव्या लागतात.