लायब्ररींचे पूर्णांक एकमेकांना ओळखत का नाहीत

दोन गणिती लायब्ररी (तयार कोडचे संच) एकाच प्रोग्राममध्ये आणल्या की कधीकधी साधी बेरीजही अडते. एकीचा पूर्णांक दुसरीला कळत नाही, किंवा कळल्यासारखं दाखवून ती भलत्याच प्रकारचं उत्तर देते. हे दुखणं जुनं आहे.

१९६४ च्या आयबीएम सिस्टिम ३६० या संगणकात फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे अपूर्णांकी, संख्या १६ च्या पायात साठवल्या जात. व्हॅक्स आणि क्रे या संगणकांची मांडणी आणखी निराळी. १९८५ मध्ये अशा संख्या साठवण्याचं आयट्रिपलई ७५४ हे मानक आलं (त्यात गणितज्ञ विल्यम कहान यांचा वाटा सर्वांत मोठा) आणि बिटांच्या पातळीवरचा तंटा बराचसा मिटला. संख्यांच्या प्रकारांचा, म्हणजे पूर्णांक की अपूर्णांकी, किती बिटांची, याचा मिटला नाही. फोर्ट्रान भाषेतल्या ब्लास या लायब्ररीने तर प्रकार थेट रूटीनच्या (उपप्रोग्रामच्या) नावात घातला होता: एस म्हणजे सिंगल (कमी अचूकतेचा), डी म्हणजे डबल (जास्त अचूकतेचा). डबलच्या रूटीनला सिंगलचा अ‍ॅरे (संख्यांची रांग) दिला, तरी जुने कंपायलर सहसा हूं की चूं करत नसत. उत्तर मात्र कचरा येई.

पायथॉन भाषेत संख्या स्वतःचा प्रकार सोबत घेऊन फिरते. बेरीज करताना आधी डावीकडच्या संख्येला विचारलं जातं. तिने हात वर केले तर उजवीकडच्या संख्येला. अडचण येते ती डावी बाजू हात वर करायलाच तयार नसते तेव्हा. नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीचा अ‍ॅरे अनोळखी वस्तू दिसली की तिला सामान्य ऑब्जेक्ट मानून क्रिया स्वतःच उरकून टाकत असे, त्यामुळे समोरच्या लायब्ररीला बोलायची संधीच मिळत नसे. क्रम उलटा केला की उत्तराचा प्रकार बदले. दुसऱ्या लायब्ररीला हस्तक्षेपाचा रीतसर मार्ग मिळाला तो २०१७ मध्ये, नमपाय १.१३ सोबत.

मधल्या काळात भाषेनेही डागडुजी केली. नमपायचे पूर्णांक लिस्टच्या स्लाइसमध्ये (यादीचा तुकडा कापताना) चालत नव्हते, म्हणून नमपायचे जनक ट्रॅव्हिस ऑलिफंट यांच्या पेप ३५७ (पेप म्हणजे पायथॉनमधल्या बदलाचा प्रस्ताव) मधून 'इंडेक्स' नावाची खास मेथड आली. सरळ इंटमध्ये (पायथॉनच्या स्वतःच्या पूर्णांकात) बदलून का घेतलं नाही? कारण मग २.७ सुद्धा मुकाट्याने २ होऊन आत शिरलं असतं. २००७ च्या पेप ३१४१ ने स्कीम या भाषेकडून संख्यांचा मनोरा उसना घेतला: पूर्णांक, परिमेय, वास्तव, संमिश्र. डेसिमल, म्हणजे दशांश संख्या जशीच्या तशी ठेवणारा प्रकार, मात्र वास्तव संख्यांच्या मजल्यावर चढलाच नाही. डेसिमल आणि फ्लोट (फ्लोटिंग पॉइंट संख्या) यांची बेरीज आजही टाइपएरर, म्हणजे प्रकार जुळत नसल्याची चूक, देते, आणि हा हट्ट मला रास्त वाटतो. फ्लोटमधला ०.१ प्रत्यक्षात ०.१ पेक्षा किंचित मोठा असतो, तो गुपचूप मिसळला तर डेसिमल वापरण्यात अर्थ काय?

२००५ मध्ये सुरू झालेल्या सेज या पायथॉनवर आधारलेल्या गणिती प्रणालीने वेगळी वाट धरली. तिथे प्रत्येक संख्येला 'पालक' असतो, म्हणजे ती ज्या संचातली तो संच. १/२ मध्ये पूर्णांक सहगुणकांची बहुपदी मिळवली, की सेज दोघांना सामावणारा पालक शोधतो: परिमेय सहगुणकांच्या बहुपदींचं वलय (बेरीज-गुणाकार करता येणारा संच). गणिताच्या दृष्टीने हे फार देखणं आहे. पण सेज टाइप केलेल्या ३ लाही स्वतःचा पूर्णांक बनवतो, आणि पायथॉनचाच इंट हवा असं धरून चालणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी तिथे अडखळतात. ज्युलिया या भाषेने बढतीचे (दोन प्रकार एका समान प्रकारात नेण्याचे) नियम लायब्ररीलाच लिहू दिले; नवा प्रकार आणणाऱ्यानेच तो कोणासोबत कसा मिसळेल हे सांगायचं.

ताजा बदल जून २०२४ मधल्या नमपाय २.० चा. पूर्वी आठ बिटी चिन्हविरहित (० ते २५५ मावणाऱ्या प्रकारातल्या) १०० मध्ये साधे २०० मिळवले की निकाल आपोआप मोठ्या प्रकारात जाऊन ३०० येई. आता प्रकार आठ बिटीच राहतो, उत्तर ४४ येतं आणि सोबत इशारा. वरवर हे मागे जाणं वाटेल, पण आधीच्या नियमांत निकालाचा प्रकार काही वेळा संख्येच्या किमतीवर ठरत असे, आणि तशा कोडचा अंदाज बांधणं अवघड होतं. याच आवृत्तीत ६४ बिटी विंडोजवरचा मूळ पूर्णांकही ३२ वरून ६४ बिटांचा झाला. लिनक्सवर चालणारा हिशेब विंडोजवर ओव्हरफ्लो होण्याचं (संख्या प्रकारात न मावण्याचं) एक जुनं कारण त्यामुळे गेलं.